रिकामी जागा रिकामी का आहे, ते आधी विचार

पत्र :

ताई, मी सिन्नर तालुक्यातली. नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरच्या पहिल्या वर्षाची परीक्षा नुकतीच दिली. कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) तिसऱ्या फेरीत नंबर लागला. ओबीसीतून प्रवेश आहे आणि मुलींच्या योजनेत फी माफ झाली आहे. पहाटे साडेपाचला उठते, गावातून सिन्नर, तिथून एसटीने नाशिक, पुढे सिटीलिंकची शहर बस. बस भरून आली की पहिलं लेक्चर बुडतं. संध्याकाळी घरी पोचायला साडेसात होतात. जेवल्यावर पुस्तक उघडलं की डोळे मिटतात. पावसाळ्यात तर विचारूच नका. कॉलेजात लॅबला बऱ्याचदा शिक्षक नसतात, प्लेसमेंटच्या बोर्डावर तीन वर्षांपूर्वीचे फोटो आहेत. मामेबहीण पुण्यात शिकते. ती म्हणते, दुसऱ्या वर्षाला इकडे ट्रान्सफर घे, आमच्या कॉलेजात जागा आहेत. एका खासगी विद्यापीठातून रोज फोन येतो, 'थेट दुसऱ्या वर्षाला घेतो, स्कॉलरशिप देतो, लवकर सीट बुक करा.' पप्पा म्हणतात, चाललंय ते चालू दे. एम-टूचा (इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स-२) पेपर अवघड गेलाय, राहील असं वाटतंय. मी कोणतं कॉलेज निवडू?

उत्तर :

खासगी विद्यापीठाचा फोन आधी निकालात काढू, म्हणजे बाकीचं नीट बोलता येईल. तुझी फी माफ आहे ती जुलै २०२४ च्या शासन निर्णयामुळे. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या, वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या मुलींना त्यात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. त्याच निर्णयात खासगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळली आहेत. व्यवस्थापन कोट्यातले आणि संस्था पातळीवरचे प्रवेशही वगळले आहेत. म्हणजे तू तिकडे गेलीस की माफी संपली. फोनवरचा दादा हे आपण होऊन सांगणार नाही, ते त्याचं काम नाही. उद्या फोन आला की एवढंच म्हण, 'तीन वर्षांचा एकूण खर्च, परीक्षा शुल्क, बस, डिपॉझिट सगळं धरून, विद्यापीठाच्या लेटरहेडवर मेल करा, आणि स्कॉलरशिप तिसऱ्या-चौथ्या वर्षालाही चालू राहायला किती मार्क लागतात तेही त्यात लिहा.' बहुधा त्यानंतर फोन कमी होतील. ज्या जागेला खरी मागणी असते, तिच्यासाठी कुणी रोज फोन करत नाही.

आता तुझं पत्र. मी ते पुन्हा वाचलं तेव्हा एक गोष्ट दिसली. कॉलेजबद्दल एक वाक्य आहे, एसटीबद्दल पाच-सहा आहेत. पहाटेचा गजर, भरून आलेली बस, बुडालेलं लेक्चर, मिटणारे डोळे. तुझं कॉलेज चांगलं आहे असं मी म्हणत नाही. लॅबला शिक्षक नसणं ही गंभीर गोष्ट आहे. पण सिन्नर ते नाशिक तीसेक किलोमीटर, त्यात अलीकडे तुझं गाव आणि पलीकडे द्वारका ओलांडून शहराचा प्रवास. एवढं रोज केल्यावर कुणाचाही एम-टू अवघडच जाईल. त्यामुळे कॉलेज बदलायचंय की राहण्याची जागा बदलायचीय, हे तुझं तुलाच वेगळं करून बघावं लागेल. पुण्याला गेलीस तर या दोन्ही गोष्टी एकदम बदलतील आणि मग सुधारणा कशामुळे झाली हेही कळणार नाही. नाशिकमध्येच कॉलेजजवळ हॉस्टेल किंवा दोघी-तिघींत खोली घेतली, तर पुण्याच्या मानाने कमी खर्चात दिवसाचे तीन-चार तास परत मिळतात. हा पर्याय तुझ्या पत्रात कुठेच नाही, म्हणून आधी लिहिला.

तरीही पुण्याचा विचार करायला हरकत नाही. फक्त ट्रान्सफर म्हणजे बारावीनंतरचा प्रवेश नव्हे. तेव्हा तू कॉलेजांची यादी करून पसंतीक्रम भरत होतीस. आता पसंतीक्रम तुझा नाही. तीन गोष्टी जमल्या तरच दार उघडतं: पलीकडे तुझ्याच शाखेत दुसऱ्या वर्षाला रिकामी जागा असली पाहिजे, दोन्ही कॉलेजांची ना-हरकत हवी आणि विद्यापीठाची मान्यता हवी. कॉलेजच्या ऑफिसात विद्यार्थी विभागाच्या खिडकीमागे मी बरीच वर्षं बसले आहे. ट्रान्सफरचे अर्ज अडकतात ते बहुतेक पहिल्याच गोष्टीवर. आणि 'जागा आहेत' हे मामेबहिणीने सांगितलेलं असतं, ऑफिसने नाही.

मे महिन्यात दिसणारी जागा ऑगस्टपर्यंत राहतेच असंही नाही. डिप्लोमा झालेली मुलं थेट दुसऱ्या वर्षाला येतात आणि आदल्या वर्षीच्या पहिल्या वर्षाच्या रिकाम्या जागाही त्यांच्या कॅपमध्ये जातात. तुझ्या बहिणीच्या वर्गात आज जी बाकं रिकामी दिसतात, तिथे दोन महिन्यांनी पॉलिटेक्निकची मुलं बसलेली असतील. म्हणून त्या कॉलेजच्या ऑफिसला नेमका प्रश्न विचार: डिप्लोमाचे प्रवेश झाल्यावर कॉम्प्युटरच्या दुसऱ्या वर्षाला ट्रान्सफरसाठी जागा उरते का, गेल्या वर्षी उरली होती का, आणि किती जणांना घेतलं?

आणि समजा, जागा उरतेच. मग जास्त महत्त्वाचा प्रश्न येतो की ती का उरते. आपल्याकडे कॉम्प्युटर ही सगळ्यात आधी भरणारी शाखा. एखाद-दुसरी जागा कुणी इयर डाउन झालं (नापास होऊन वर्ष मागे पडलं), कुणी सोडून गेलं म्हणून रिकामी होते, त्यात काही वावगं नाही. पण कॉम्प्युटरलाच पंधरा-वीस जागा मोकळ्या असतील, तर आदल्या वर्षी शेकडो मुलांनी ते कॉलेज पाहून पुढे सरकायचं ठरवलंय. त्यांना काय दिसलं ते तुलाही दिसायला हवं. पुण्यात आहे म्हणून कॉलेज चांगलं असतं असं नाही. पुण्यात अगदी नावाजलेलीही आहेत आणि आपल्या आडगाव-त्र्यंबक रोडवरच्या कॉलेजांपुढे फिकी पडतील अशीही आहेत. आणखी एक गंमत होते. गेल्यावर सांगतात, 'कॉम्प्युटरला नाही, एआय-डीएसला (आर्टिफिशियल इंटेलिजन्स-डेटा सायन्स) आहे, तेच असतं.' तेच नसतं. दुसऱ्या वर्षापासून विषय वेगळे होतात आणि शाखा बदलणं ही कॉलेज बदलण्याहून वेगळी परवानगी आहे. घाईत हो म्हणू नकोस.

पुण्यातली कॉलेजं तुझ्या दृष्टीने तीन प्रकारची आहेत, हेही समजून घे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न साधं कॉलेज असेल, तर नाशिक, अहिल्यानगर आणि पुणे या तिन्ही जिल्ह्यांत अभ्यासक्रम एकच, परीक्षा एकच. पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) तोच राहतो, पहिल्या वर्षाचे क्रेडिट जसेच्या तसे धरले जातात. इथे ट्रान्सफर सगळ्यात सोपी. दुसरा प्रकार स्वायत्त कॉलेजांचा. पदवी विद्यापीठाचीच, पण अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेजच्या. तिथे समतुल्यता काढतात: तू पहिल्या वर्षात काय शिकलीस, त्यांच्याकडे काय शिकवलं, फरक किती. तो फरक तुला दुसऱ्या वर्षाच्या अभ्यासासोबत भरून काढावा लागतो, म्हणजे दोन-तीन विषय जास्तीचे. पहिलं वर्ष सगळीकडे साधारण सारखं असल्यामुळे फरक कमी निघेल, पण लेखी घे. तिसरा प्रकार वेगळ्या विद्यापीठाचा. सीओईपी, पुण्याचं जुनं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज, २०२२ पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे, त्यामुळे 'पुण्याचंच तर कॉलेज आहे' हे तिथे लागू नाही. विद्यापीठ बदललं की मायग्रेशन सर्टिफिकेट आणि नव्याने पात्रता तपासणी आलीच.

क्रेडिटचं एक काम आजच करून टाक. डिजिलॉकरमधून तुझा एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी उघड आणि पहिल्या सेमिस्टरचे क्रेडिट जमा दिसतात का ते बघ. दिसत नसतील तर परीक्षा विभागाकडे अर्ज दे. कॉलेज बदलो न बदलो, हे लागणारच आहे. मात्र बँकेत क्रेडिट आहेत म्हणून समोरच्याने ते घेतलेच पाहिजेत असं नसतं, कोणते धरायचे हे घेणारी संस्था ठरवते.

एम-टूबद्दल स्पष्ट सांगते. तो राहिला तर ट्रान्सफरचा विषय या वर्षापुरता बाजूला ठेव. एटीकेटीवर, म्हणजे राहिलेला विषय सोबत घेऊन, दुसऱ्या वर्षात जाता येईल, पण रिकामी जागा एक आणि अर्ज चार असले की कॉलेज ऑल क्लिअर मुलीलाच घेणार. शिवाय नव्या शहरात, नव्या वर्गात, सोबत एम-थ्री आणि डोक्यावर एम-टू. एम-थ्रीची ख्याती तुझ्या सिनिअर्सनी सांगितली असेलच. आणि बऱ्याच कंपन्या कॅम्पसला येताना अट घालतात की चालू बॅकलॉग नको आणि टक्केवारी अमुक हवी. तिथे मुलगी नाशिकची की पुण्याची हा प्रश्न नंतर येतो. निकाल लागेपर्यंत चौकशी कर, अर्ज तयार ठेव, पण मन एम-टूवर ठेव.

कॉलेज पाहायचं कसं, यावर जरा सविस्तर लिहिते, कारण बोर्डावरच्या फोटोंवरून तू नाशिकचं कॉलेज मोजलंस आणि पुण्याचंही तसंच मोजशील. बोर्डावर सगळ्यात मोठं पॅकेज असतं. ते एका मुलाचं असतं, कधीकधी त्याने ते कॉलेजच्या मदतीशिवाय मिळवलेलं असतं. तू एनआयआरएफचा, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज क्रमवारीचा, तक्ता काढ. जी कॉलेजं या क्रमवारीत भाग घेतात, त्यांना आपली भरलेली माहिती स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावी लागते. त्यात मंजूर जागा, पहिल्या वर्षाला प्रत्यक्ष प्रवेश, ठरलेल्या चार वर्षांत पास झालेले, नोकरी लागलेले, पुढे शिकायला गेलेले आणि पगाराचा मध्यक असे रकाने असतात. मध्यक म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावले की बरोबर मधला. म्हणजे नोकरी लागलेल्या निम्म्या मुलांना त्याहून कमी मिळालंय. एका मुलाच्या चाळीस लाखांनी तो हलत नाही, म्हणून तोच बघायचा. माझ्या मते त्याहूनही बोलका रकाना म्हणजे चार वर्षांत पास झालेल्यांचा. तीनशे मुलं आत गेली आणि वेळेवर दीडशेच बाहेर पडली, तर शिकवण्याबद्दल वेगळं काही विचारायची गरज नाही. हा तक्ता शाखेनुसार नसतो, सगळ्या शाखांचा एकत्र असतो, एवढं ध्यानात ठेव. रँक स्वतः फार बघू नकोस. आणि तुझ्या सध्याच्या कॉलेजचाही तक्ता काढ. कदाचित तुझा राग वाढेल, कदाचित आश्चर्य वाटेल.

दुसरा कागद मॅंडेटरी डिस्क्लोजरचा, म्हणजे कॉलेजने स्वतःबद्दल सक्तीने जाहीर करायच्या माहितीचा. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या देशपातळीवरच्या नियामक संस्थेच्या) नियमानुसार तो प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावर असायला हवा. त्यात कॉम्प्युटर विभागातल्या शिक्षकांची नावं आणि ते कधी रुजू झाले हे शोध. एआयसीटीईचा निकष २० विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा आहे. नावं मोज. अर्धे शिक्षक गेल्या वर्षभरात रुजू झालेले दिसले, तर तिथेही लॅबला कुणी नसण्याची शक्यता तेवढीच. फीसाठी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर त्या कॉलेजची मंजूर फी बघ. तुला शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, डेव्हलपमेंट फीचं काय ते वेगळं विचारायचं. नॅकची श्रेणी अख्ख्या संस्थेला असते आणि एनबीएची मान्यता अभ्यासक्रमाला. तुला कॉम्प्युटरच्या एनबीएशी मतलब.

मग एकदा प्रत्यक्ष जा, कामाच्या दिवशी. ठक्कर बाजारहून किंवा तुला जवळ म्हणजे सिन्नरहूनच पुण्याची गाडी मिळते. बहिणीच्या खोलीवर एक रात्र राहा. कॉलेजच्या स्नेहसंमेलनाच्या किंवा 'ओपन हाउस'च्या दिवशी जाऊ नकोस, त्या दिवशी सगळीच कॉलेजं छान दिसतात. कँटीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलींशी बोल. शेवटच्या वर्षाच्या मुली एकतर नोकरी लागली म्हणून कौतुक करतात नाहीतर लागली नाही म्हणून शिव्या घालतात. 'कॉलेज कसं आहे' असं विचारू नकोस, उत्तर 'चांगलंय' असंच येतं. 'गेल्या आठवड्यात किती प्रॅक्टिकल्स झाली आणि कुणी घेतली' असं विचार. मुलींचं हॉस्टेल कॉलेजचं आहे की बाहेरचं, दुसऱ्या वर्षात येणाऱ्या मुलीला ते मिळतं का, हेही. बहुतेक हॉस्टेलं पहिल्या वर्षाच्या मुलींनी भरून जातात.

आता माफीचा मुद्दा, ज्यावर माझं सगळं उत्तर टेकलंय. पुण्याच्या संलग्न कॉलेजात ट्रान्सफर झाल्यावर महाडीबीटीवरचं (शिष्यवृत्ती-फीमाफीच्या सरकारी पोर्टलवरचं) तुझं नूतनीकरण कोणत्या कॉलेजकडून आणि कोणत्या प्रवेश प्रकारात होईल? तुझा मूळ प्रवेश कॅपचा म्हणून धरला जाईल की संस्था पातळीवरचा? हे दोन प्रश्न नव्या कॉलेजच्या स्कॉलरशिप विभागाला लेखी विचार आणि लेखी उत्तर घे. तोंडी 'होऊन जाईल' चालणार नाही. खिडकीमागून मीही अनेकांना 'होऊन जाईल' ऐकवताना सहकाऱ्यांना पाहिलंय, आणि पुढे पालक फीची पावती घेऊन आलेलेही पाहिलेत. उत्तर आलं नाही किंवा गोलमोल आलं, तर पुणे नाही. एवढं माझं मत ठाम आहे. राहण्याच्या खर्चासाठी ओबीसी विद्यार्थ्यांना ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे, इतर मागास बहुजन कल्याण विभागाची. जागा मर्यादित असतात, अटी वाच आणि अर्ज कर, पण ते पैसे येतील असं धरून खोली घेऊ नकोस.

पप्पांशी बोलताना 'पुणे' हा शब्द शेवटी काढ. 'चाललंय ते चालू दे' यामागे बहुतेक कांद्याचा भाव आणि तुझी काळजी या दोनच गोष्टी असतात. एका कागदावर दोन हिशेब मांड. एक नाशिकमध्ये खोली घेऊन याच कॉलेजात राहिलीस तर तीन वर्षांचा खर्च. दुसरा पुण्याचा, माफी चालू राहिली तर, आणि खाली वेगळ्या ओळीत माफी गेली तर. त्यांना आधी पहिला हिशेब पटेल आणि मला वाटतं, तो तुलाही पटेल. कारण शिकवणं कमी पडत असेल तर ते भरून काढायचे मार्ग नाशिकमध्ये बसूनही आहेत. एनपीटीईएलचे (आयआयटींचे ऑनलाइन) डेटा स्ट्रक्चर्स, डीबीएमएसचे कोर्स शिकायला फुकट आहेत, पैसे लागतात ते फक्त परीक्षा द्यायची असेल तर. 'स्वयं' या सरकारी पोर्टलवरच्या अशा कोर्सचे क्रेडिट एका सेमिस्टरमधल्या ४० टक्के कोर्सपर्यंत धरायची मुभा यूजीसीने २०२१ मध्ये दिली आहे. तुझं कॉलेज कोणते धरतं ते विभागप्रमुखांना विचार. लॅबला शिक्षक नसतात त्याचाही तारीखवार अर्ज चार-पाच मुलींनी मिळून प्राचार्यांना द्या. एकटीने दिलास तर 'त्या मुलीचं काय ते' होतं, पाच जणींचा कागद फाइलला लागतो.

हे सगळं पाहूनही पुण्याला जायचं ठरलंच, तर कागदांचा क्रम चुकवू नकोस. आधी नव्या कॉलेजचं जागा असल्याचं पत्र. मग तुझ्या कॉलेजची ना-हरकत. मग विद्यापीठाची मान्यता. त्याची प्राथमिक चौकशी विद्यापीठाच्या नाशिक उपकेंद्रात होऊ शकते, त्यासाठी पुण्याला पळायला नको. एलसी सगळ्यात शेवटी. दरवर्षी कुणीतरी उत्साहात आधी एलसी काढतं, म्हणजे इथला प्रवेश रद्द, आणि तिकडे जागा डिप्लोमाच्या मुलाला गेलेली. हातचं सोडून पळत्याच्या पाठी, ते हेच. कॉलेज तुझी मूळ कागदपत्रं अडवून ठेवत असेल तर तसं करता येत नाही, यूजीसी आणि एआयसीटीई दोघांच्याही स्पष्ट सूचना आहेत. शांतपणे तसं लिहून अर्ज दे. आणि प्रत्येक अर्जाच्या झेरॉक्सवर आवकचा शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नकोस, आतली बाई कितीही 'ठेवून जा गं' म्हणाली तरी.